नामिबची पडदेपायी पाल

विंडहूकहून स्वाकोपमुंडला जाणारा रस्ता साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. ओकाहांड्यापर्यंत दोन्ही बाजूंना काटेरी बाभळी असतात, कारिबिबच्या पुढे खुरटी झुडपं आणि उसाकोसनंतर नुसतं पिवळं गवत. उजव्या हाताला लांबवर श्पित्सकोप्पेचे ग्रॅनाइटचे सुळके दिसत राहतात. ते मागे पडले की गवताचं पातंही उरत नाही, सगळीकडे सपाट, खडेरी, भुरकट जमीन. मग समुद्र अजून बराच लांब असतानाच हवा गार व्हायला लागते आणि समोर क्षितिजावर करडा पट्टा दिसतो. ते धुकं. पुतणीने गाडीचा एसी बंद करून काच खाली केली आणि मागच्या सीटवरचे जाडे कोट पुढे घ्यायला सांगितले. ती नोकरीनिमित्त विंडहूकला असते, त्यामुळे हा बदल तिच्या अंगवळणी पडलेला. मी मात्र पंधरा मिनिटांपूर्वी घाम पुसत होतो.

आपल्याकडे नामिबिया हे नाव घराघरात पोचलं ते १७ सप्टेंबर २०२२ ला, कुनोच्या जंगलात आठ चित्ते उतरले तेव्हा. मी नामिबियाला गेलो होतो एका पालीसाठी. वीतभरही नसलेली, रात्री फिरणारी, बोटांमध्ये कातडीचे पडदे असलेली ही पाल फक्त नामिबच्या वाळवंटात सापडते. तिचं शास्त्रीय नाव पॅकिडॅक्टिलस रँगेई. इंग्रजीतल्या नावाला धरून मी तिला पडदेपायी पाल म्हणतो. तिच्याबद्दल वाचलं होतं त्यात पावलांविषयीची एक गोष्ट मनात रुतून बसली होती, आणि ती प्रत्यक्ष बघायची होती.

पालीकडे वळण्याआधी धुक्याचं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय ही पाल समजत नाही. नामिबच्या किनाऱ्याला लागून बेंग्वेला नावाचा सागरी प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो आणि त्याचं पाणी थंड असतं. त्याच्यावरून येणारी दमट हवा गार होते आणि तिच्यातल्या वाफेचं धुकं होतं. पण त्या गार हवेच्या वर कोरड्या, उबदार हवेचा थर बसलेला असतो. तो खालच्या हवेला वर चढू देत नाही, म्हणून ढग उंच वाढत नाहीत आणि पाऊस पडत नाही. स्वाकोपमुंडच्या परिसरात वर्षाचा सरासरी पाऊस २० मिलिमीटरही भरत नाही. कोकणात आषाढातली एखादी सर तेवढं पाणी सहज टाकून जाते. मात्र वर्षातले शंभरहून जास्त दिवस धुकं असतं, आणि रात्री-पहाटे ते वाळवंटात कित्येक किलोमीटर आत शिरतं. इथल्या प्राण्यांना पाणी मिळतं ते असं, हवेत लटकलेलं. ते उतरवून घ्यायची सोय ज्याच्या अंगात आहे, तोच इथे टिकतो.

स्वाकोपमुंड हे १८९२ मध्ये जर्मनांनी वसवलेलं गाव. उतरत्या छपरांची घरं, बेकऱ्या, समुद्रात गेलेला धक्का. गावाच्या दक्षिणेला स्वाकोप नदीचं कोरडं पात्र लागतं आणि ते ओलांडलं की लगेच वाळूच्या टेकड्या सुरू होतात. हा पट्टा खाली वॉल्विस बे पर्यंत, कुइसेब नदीच्या मुखापर्यंत जातो. डिसेंबर २०१० पासून हा भाग डोरोब राष्ट्रीय उद्यानात आहे. कुइसेबच्या दक्षिणेला मात्र वाळूचा खराखुरा समुद्र सुरू होतो. त्याला नामिब सँड सी म्हणतात. तीस लाख हेक्टरांहून मोठा हा प्रदेश २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. पालीला या सीमांशी देणंघेणं नाही. अंगोलाच्या दक्षिण टोकापासून दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य कोपऱ्यापर्यंत किनाऱ्यालगतचा वाळूचा पट्टा हाच तिचा मुलूख.

सकाळी आठच्या सुमारास गाइड जीप घेऊन आला. वाळू लागण्याआधी उतरून त्याने चारही टायरांमधली हवा कमी केली, म्हणजे टायर पसरतात आणि गाडी रुतत नाही. धुकं अजून पुरतं निवळलं नव्हतं. वाळूचा वरचा थर ओलसर होता, त्यावर रात्रभर फिरलेल्या प्राण्यांच्या खुणा जशाच्या तशा उमटलेल्या. गाइड गाडी चालवता चालवताच त्या वाचत होता. इथे भुंगेरा गेला, इथे सोनउंदीर वाळूखालून पोहत गेला, हा कोल्हा. तो कोवळ्या वयापासून याच वाळूत वाढलेला माणूस. त्याच्या वाचनात घाई नव्हती आणि बढाईही नव्हती. एका टेकडीच्या वाऱ्याकडच्या, घट्ट बाजूवर त्याने गाडी थांबवली आणि आम्हाला पन्नासेक पावलं मागे उभं राहायला सांगितलं, कारण आमच्या बुटांनी खुणा पुसल्या गेल्या असत्या.

पालीचा माग ओळखू येतो. चार पावलांचे गोलसर, उथळ ठसे दोन रांगांत पडलेले असतात, बोटं वेगवेगळी दिसत नाहीत. शेपटीची रेघ कधी दिसते, कधी नाही, कारण चालताना ती अंग उचलून धरते. हा माग एका ठिकाणी संपला होता आणि तिथे मूठभर ताजी वाळू बाहेर फेकलेली दिसत होती. बिळाचं तोंड मात्र दिसत नव्हतं. दिवस उगवायच्या आत ते वाळूने बंद होतं. गाइडने गुडघ्यांवर बसून हाताने खणायला सुरुवात केली. वरची कोरडी वाळू परत परत आत घसरत होती, पण वीतभर खाली गेल्यावर वाळूचा रंग गडद झाला आणि बाजू उभी राहायला लागली. आणखी थोडं खाली, कोपरापर्यंत हात गेल्यावर, तो थांबला. दोन बोटांनी त्याने हळूच काहीतरी उचललं आणि ओंजळीत घेऊन स्वतःच्या सावलीत धरलं.

पहिल्यांदा लक्षात येतो तो रंग, किंवा रंगाचा अभाव. पाठ फिकी गुलाबी, तिच्यावर तपकिरी रेघांची अस्पष्ट जाळी. पोट दुधासारखं पांढरं. आणि सगळं अंग थोडं आरपार. गाइडने ओंजळ उजेडाकडे किंचित कलती केली तर पाठीच्या कण्याची ओळ आतून सावलीसारखी दिसली, आणि कुशीत एक गडद गोळा. गाइड म्हणाला, तो तिच्या पोटातला काल रात्रीचा घास. डोक्यावर, दोन डोळ्यांच्या मधल्या भागात, कातडी निळसर होती. घरातल्या पालीच्या अंगावर हात फिरवला तर खरखर लागते. हिचे खवले इतके बारीक आणि सपाट, की हाताला फक्त गारवा जाणवतो. लांबी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत बारा-तेरा सेंटिमीटर. अंग बारीक, पाय काटकुळे, शेपटी निमुळती. शेपटीच्या बुडाशी खालच्या बाजूला फुगीर भाग होता, म्हणजे हा नर. माद्यांना तो फुगवटा नसतो.

कातडी एवढी पातळ आणि फिकी का, याचं उत्तर तिच्या दिनक्रमात आहे. उन्हातून बचाव करायला रंगद्रव्य लागतं. जी पाल दिवस वाळूच्या पोटात काढते, तिला त्याची गरज उरत नाही. दुपारी या टेकड्यांचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे तापतो. तिथे ही पाल काही मिनिटांत मरेल. म्हणूनच गाइड तिला क्षणभरही उन्हात येऊ देत नव्हता. तिच्याभोवती गोळा झालेल्या आम्हा सगळ्यांना तो सतत सांगत होता, कोण कुठे उभं राहिलं म्हणजे सावली तिच्यावर राहील ते.

मग डोळे. डोक्याच्या मानाने ते अवाढव्य आहेत आणि बाजूंना बाहेर आलेले. बुबुळ तांबूस तपकिरी, त्यावर बारीक नक्षी. सकाळच्या उजेडात बाहुली आवळून उभी फट झालेली.

“काका, हिला पापण्याच नाहीत!” पुतणी म्हणाली.

खरंच नाहीत. बहुतेक पालींना हलणाऱ्या पापण्या नसतात. डोळ्यावर कायमचं एक पारदर्शक आवरण असतं, सापाच्या डोळ्यावर असतं तसंच. ते मिटता येत नाही, मग धूळ बसली की पुसायचं कसं? तेवढ्यात त्या पालीने ते करून दाखवलं. तोंडातून जाड, गुलाबी, बोथट टोकाची जीभ बाहेर आली, वर वळली आणि डाव्या डोळ्यावरून सावकाश फिरली. मग उजव्या. वाळूचे चार कण निघून गेले. घरातल्या भिंतीवरची पालही हे करते, पण इतक्या जवळून, इतक्या निवांतपणे ते बघायला मिळत नाही.

या डोळ्यांची ताकद किती असेल याचा अंदाज तिच्या एका दूरच्या भाईबंदावरून येतो. वायव्य आफ्रिकेतल्या हेल्मेट गेको नावाच्या निशाचर पालीवर स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी काम केलं आणि २००४ मध्ये दाखवून दिलं की जिथे माणसाला रंग ओळखू येत नाहीत अशा अंधुक चांदण्यात ती पाल रंग ओळखते. माणसाच्या रंगदृष्टीच्या उंबरठ्यापेक्षा तिचा डोळा सुमारे ३५० पट संवेदनशील निघाला. पालींचे पूर्वज दिवसा हिंडणारे होते. त्यांनी रात्र धरली तेव्हा अंधारात पाहायच्या दंडपेशी त्यांच्याकडे उरल्या नव्हत्या, म्हणून त्यांनी रंगाच्या शंकुपेशीच मोठ्या आणि तीव्र करून घेतल्या. रात्रीचं जग पालींना रंगीत दिसतं, हे मला फार विलक्षण वाटतं.

आता पावलं. ती बघायला तर मी आलो होतो.

गाइडने पालीचा पुढचा एक पाय आपल्या नखावर टेकवला. पाच बोटं, आणि त्यांच्यामध्ये टोकापर्यंत ताणलेला गुलाबी, पातळ पडदा. त्या पडद्यातून त्याच्या नखाचा पांढरा अर्धचंद्र दिसत होता. मागचे पायही तसेच. वाळवंटातल्या प्राण्याचं पाऊल असं पसरट दिसलं की कुणालाही पहिल्यांदा उंट आठवतो. वाळूत रुतू नये म्हणून रुंद पाऊल. बऱ्याच पुस्तकांत तसंच लिहिलेलंही सापडतं. पण ही पाल एवढी हलकी आहे की साध्या बोटांनीही ती वाळूत रुतली नसती. त्याच वाळूवर तिच्याहून जड सरडे बिनपडद्याच्या बोटांनी तुफान वेगाने पळतात. मग हे पडदे कशासाठी?

खणण्यासाठी. अँथनी रसेल आणि अ‍ॅरन बाउअर या दोन अभ्यासकांनी १९९० मध्ये या पालीच्या खणण्याचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. नुसता कातडीचा पडदा असता तर वाळूच्या वजनाने तो मागे दुमडला असता. या पडद्याच्या आत मात्र कूर्चेचे लहान लहान तुकडे आहेत आणि त्यांना जोडलेले नाजूक स्नायू आहेत. त्यामुळे पाल तो पडदा हवा तेव्हा ताठ पसरू शकते आणि हवा तेव्हा मिटू शकते. म्हणजे बोटांमधली ही कातडी म्हणजे तिच्या हुकमात चालणारं अवजार आहे. वाळू उपसताना पसरायचं, पाय पुढे आणताना आवळायचं.

याचं महत्त्व कळायला आधी पालींचं नेहमीचं पाऊल आठवावं लागतं. भिंतीवरच्या पालीच्या बोटांखाली आडव्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य केस. ईशान्य भारतातही आढळणाऱ्या टोके पालीच्या एका पावलावर असे सुमारे पाच लाख केस आहेत आणि प्रत्येक केसाचं टोक पुन्हा शेकडो शाखांत फुटतं. केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये अशा एकेका केसाची पकड मोजली, आणि २००२ मध्ये ती रेणूंमधल्या व्हॅन डर वाल्स बलांमुळे आहे हे दाखवलं. ना डिंक, ना हवेची पोकळी. पदार्थ पदार्थाच्या इतक्या जवळ जातो की तो धरूनच ठेवतो. काचेवर उलटं चालायचं सामर्थ्य येतं ते यातून.

नामिबच्या पालीचे जवळचे नातेवाईक खडकांवर राहतात आणि याच केसांच्या जोरावर चढतात. हिच्या पूर्वजांकडेही ते होते. पण सुट्या वाळूला चिकटून काय मिळणार? प्रत्येक कण पायाबरोबर उचलला जाणार आणि त्या पट्ट्या वाळूने भरून निकामी होणार. वाळूत उतरलेल्या या वंशाने ती सगळी यंत्रणा जवळजवळ सोडून दिली. बोटांच्या खाली मी भिंग धरून पाहिलं, आपल्या पालीच्या बोटांवर दिसतात त्या ठळक आडव्या पट्ट्या तिथे नव्हत्या. लाखो वर्षांत कमावलेलं चढण्याचं कौशल्य टाकून त्याच बोटांमध्ये खणण्याचं अवजार घडवलं गेलं. पालींच्या कुळातलं मला माहीत असलेलं हे सर्वांत मोठं स्थित्यंतर आहे.

खडेरी मैदानांवर राहणाऱ्या भुंकणाऱ्या पालीने हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. तिच्या बोटांच्या कडांना खवल्यांची झालर असते, पडदा नसतो. संध्याकाळी तिचे नर बिळाच्या तोंडाशी बसून टक-टक-टक आवाज काढतात. आणखी उत्तरेला, काओकोलँडमध्ये, आपल्या पडदेपायी पालीची एक सख्खी बहीण राहते, पॅकिडॅक्टिलस व्हान्झिली. तिच्या बोटांमध्ये पडदे आहेत पण अर्धवट. ती पाहिल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही, पण काओकोलँड म्हणजे आणखी कित्येक दिवसांची खडतर वाट.

गाइडने पाल परत वाळूवर ठेवली, जिथून उचलली होती त्याच्या शेजारी, आमच्या सावलीत. क्षणभर ती चारही पाय ताठ करून, पाठ कमानीसारखी उचलून उभी राहिली. हा तिचा बचावाचा पवित्रा. धोका वाटला तर ती बारीक चिरका आवाजही काढते. आमच्याकडून काही होत नाही असं वाटल्यावर तिने डोकं खाली घातलं. पुढचे पाय वाळू सैल करतात, मागचे पाय ती मागे फेकतात. डाव्या बाजूने काही फटके, मग उजव्या बाजूने. पडदा पसरलेला असतो तेव्हा पाऊल चांगलं चमचाभर वाळू उचलतं. पहिली थोडी कोरडी वाळू परत तिच्या अंगावर घसरत होती, पण एकदा ओलसर थराला लागल्यावर कामाला गती आली. पुतणीने फोनवर वेळ लावली होती. दीड मिनिटाच्या आत शेपटीचं टोकही आत गेलं.

ओलसर थर हा या सगळ्याचा आधार आहे. कोरड्या वाळूत बीळ टिकतच नाही. धुक्याचा ओलावा वाळूच्या कणांना एकमेकांशी धरून ठेवतो, म्हणून वाऱ्याकडच्या घट्ट बाजूवर खोलवरही बोळ उभा राहतो. आत दुपारीही गारवा असतो आणि हवा दमट असते. या पालीची मादी एका वेळी दोन अंडी घालते, कडक कवचाची, आणि तीही वाळूतच.

ती पाणी पिते तेही धुक्यातूनच. रात्री तिचं अंग हवेपेक्षा गार होतं आणि धुक्याचे थेंब तिच्या डोक्यावर, पाठीवर आणि त्या मोठ्या, मिटता न येणाऱ्या डोळ्यांवर जमतात. डोळे पुसायची जीभ तेच थेंब टिपून घेते. सकाळी वाळूचे कण झाडणारी जीभ आम्ही पाहिली होती, पण तिचं मोठं काम हे. नामिबमध्ये धुकं पिणारे भुंगेरेही आहेत. ते टेकडीच्या माथ्यावर डोकं खाली, पाठ वर करून उभे राहतात आणि पाठीवर जमलेलं पाणी ओघळून तोंडात येतं. पालीला असं उभं राहायची गरज पडत नाही. तिचा चेहराच पाणी गोळा करतो.

आणि खाणं? गवताचं पान नसलेल्या टेकड्यांवर हा प्रश्न पडतोच. आतल्या भागातून वारा गवताच्या काड्या, कुसळं, बियांची टरफलं, मेलेल्या किड्यांचे तुकडे उडवून आणतो आणि ते टेकडीच्या आडोशाच्या पायथ्याशी साठतं. त्यावर वाळवी, भुंगेरे, कसरीसारखे किडे जगतात. त्यांच्यावर कोळी आणि पाली. पालीवर ताव मारणारे पेरिंग्वे नावाचे छोटे वाळूसाप असतात. अंग वाळूत पुरून, फक्त डोळे बाहेर ठेवून ते बसतात. नामिबचा एक मोठा पांढरा कोळी आहे, तोही या पालींना मारतो. एवढ्याशा वाळूत केवढी साखळी.

या पालीचं नाव एका भूगर्भशास्त्रज्ञावरून आलं आहे. पाउल रँगे हे जर्मन साउथ वेस्ट आफ्रिकेचे सरकारी भूगर्भशास्त्रज्ञ होते. स्वीडनचे लार्स गाब्रिएल अँडरसन यांनी १९०८ मध्ये या जातीचं वर्णन केलं आणि रँगे यांचं नाव तिला दिलं. १९०८ हे साल नामिबियाच्या इतिहासात दोन कारणांनी ठळक आहे. त्याच वर्षी लुडेरिट्झजवळ रेल्वेवर काम करणाऱ्या झकारियास लेवालाला वाळूत हिरा सापडला आणि सगळा किनारा हिऱ्यांच्या मागे लागला. आणि १९०४ पासून जर्मन सैन्याने चालवलेला हेरेरो आणि नामा लोकांचा संहार संपला तो याच वर्षी. लुडेरिट्झच्या शार्क आयलंडवरच्या छळछावणीत हजारो माणसं मेली. २०२१ मध्ये जर्मनीच्या सरकारने त्याला वंशसंहार म्हणून मान्यता दिली. पालीचं नाव उच्चारताना हे सगळं माहीत असावं, असं मला वाटतं. बरणीत घालून युरोपात गेलेले प्राणी आणि त्यांची नावं ज्या राजवटीच्या छायेत जमा झाली, तिचा हिशेब वेगळा करता येत नाही.

रात्री पुन्हा गेलो. एका दुसऱ्या गाइडबरोबर, पायी, हातात लाल दिवा घेऊन. त्याच्याकडे एक अतिनील किरणांचा छोटा टॉर्चही होता आणि तो त्याने अगदी थोडा वेळ वापरायचा, डोळ्यांवर मुळीच नाही, असं आधीच ठरवलं होतं. दिवसा बिळात लपणारी पाल रात्री उघड्यावर असते, त्यामुळे ती दिसायला फार शोधावं लागलं नाही. लाल उजेडात ती फिकी, राखी, वाळूवर सहज हरवणारी. गाइडने खाली वाकून टॉर्च आडवा धरला. कुशीवरून, पायांच्या अगदी वरून गेलेली एक रेघ झपकन हिरवी झाली, तीव्र, कच्च्या आंब्याच्या सालीहून कितीतरी उजळ हिरवी. डोळ्यांभोवतीही तसंच कडं उजळलं. बाकी अंग काळोखातच. दोन-तीन सेकंद, मग त्याने टॉर्च बंद केला.

ही चमक जगाला कळली जानेवारी २०२१ मध्ये. म्युनिकच्या प्राणिसंग्रहातले संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायंटिफिक रिपोर्ट्स या नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. सरड्यांच्या काही जातींत चमकतं ते हाड, कातडीतून. इथे मात्र चमक कातडीतल्या इरिडोफोर नावाच्या पेशींतून येते. त्यांच्यात ग्वानीनचे स्फटिक असतात. हेच स्फटिक माशांच्या खवल्यांना चंदेरी झाक देतात. जमिनीवरच्या पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये इतकी तीव्र चमक क्वचितच नोंदली गेली आहे. अतिनील किरणांशिवाय निळ्या उजेडातही ती उमटते, आणि चांदण्यात निळा अंश पुरेसा असतो.

मला त्या रेघेची जागा महत्त्वाची वाटते. ती पाठीवर नाही, कुशीच्या खालच्या बाजूला आहे. वरून पाहणाऱ्या घुबडाला ती दिसत नाही. पण पालीच्याच उंचीवरून, वाळूवरून समोर पाहणाऱ्या दुसऱ्या पालीला दिसते. या पाली एकट्या राहतात, एकमेकांपासून बऱ्याच दूर, आणि सपाट उघड्या वाळूत एकमेकांना गाठायचं असतं. अंधारात रंग पाहणारे डोळे आणि अंधारात उजळणारी रेघ, या दोन्ही गोष्टी एकाच शरीरात आहेत. संशोधकांनी मांडलेला अंदाज हाच, की ही एकमेकांना दिलेली खूण असावी.

आता थोडी कळकळीची गोष्ट. आययूसीएनच्या यादीत ही पाल धोक्यातल्या प्राण्यांत नाही, तिचा मुलूख लांबलचक आहे. पण स्वाकोपमुंड आणि वॉल्विस बे यांच्या मधल्या पट्ट्यात सुट्टीच्या दिवशी क्वाडबाइकचे आवाज टेकड्यांवर घुमत असतात. टेकडीवरचा चाकाचा माग वारा पुसतो, पण बाजूच्या खडेरी मैदानावर, दगडफुलांच्या थरावर उमटलेला माग अनेक दशकं तसाच राहतो. किनाऱ्यालगत घरटी करणाऱ्या डमारा टर्न पक्ष्यांनाही याचा त्रास होतो. म्हणून गाड्यांसाठी मार्ग आखून दिलेले आहेत आणि परवाने लागतात. ते पाळणाऱ्या गाइडबरोबरच जावं. बिळं उकरून प्राणी दाखवणं हेही मला पूर्णपणे निर्धोक वाटत नाही. एका टेकडीवर तीन-चार गाड्या एकामागून एक त्याच पालीला उचलत असतील तर तिला विश्रांती कुठली? आमचा गाइड दिवसाला एकच पाल बाहेर काढायचा आणि त्या टेकडीवर मग आठवडाभर जायचा नाही. निघण्याआधी हे विचारून घ्यावं.

जायचं असेल तर वर्षभरात केव्हाही जाता येतं, किनाऱ्यावरचं हवामान बारा महिने गारच असतं. मुंबईहून अदिस अबाबा किंवा जोहान्सबर्गमार्गे विंडहूकला पोचता येतं. पुढचा रस्ता डांबरी आणि उत्तम आहे. सकाळची फेरी धुकं निवळायच्या आत सुरू करणाऱ्या गाइडकडे जा, कारण माग तेव्हाच वाचता येतात. उन्हाळ्यातही अंगावर जाडा कोट हवा. कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवावा, आणि दहापटीचं एक साधं भिंग खिशात असू द्यावं. पावलांतला पडदा त्याच्याशिवाय नीट दिसत नाही.